सुंभ जळाला तरी पीळ उरतो: टॉर्शन असलेल्या अवकाशात डिरॅक ऑपरेटरची खालची मर्यादा

सुंभराव (धागाकर्ता)

दुसऱ्या धाग्यावर आइन्स्टाइन-कार्तानवरून (गुरुत्वाचा तो सिद्धांत, ज्यात अवकाशाला टॉर्शन म्हणजे पीळही असतो) खडाजंगी चालली होती. तिथे मी "टॉर्शन आलं की आयगेनमूल्यांचा हिशोब बदलतो" असं एक वाक्य टाकून पळालो. तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून पकडलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

प्रश्न असा. एक वक्र अवकाश घ्या, बंदिस्त, म्हणजे गोलाच्या पृष्ठासारखा: कडा नाही आणि अनंतापर्यंत पसरलेलाही नाही. त्यावर डिरॅक ऑपरेटर चालवा. हा ऑपरेटर स्पिनरवर चालतो, आणि स्पिनर म्हणजे ती वस्तू जी एक पूर्ण गिरकी घेतली की स्वतःच्या उणे होते आणि दुसऱ्या गिरकीनंतर मूळपदावर येते. काही स्पिनर असे असतात की ऑपरेटर चालवला की ते नुसते एका आकड्याने गुणले जातात; ते आकडे म्हणजे आयगेनमूल्यं. बंदिस्त अवकाशावर ती सुटी सुटी येतात. शून्याच्या किती जवळ ती येऊ शकतात? प्रत्यक्ष न काढता, नुसत्या वक्रतेवरून हे सांगता येईल का?

चिन्हं आधी ठरवून टाकतो. न म्हणजे मिती, व म्हणजे अदिश वक्रता, प्रत्येक बिंदूला एक आकडा (बदलती असेल तर तिची सगळ्यात लहान किंमत), ल म्हणजे आयगेनमूल्य, ट म्हणजे टॉर्शन.

टॉर्शन नसतानाची गोष्ट जुनी आहे. डिरॅक ऑपरेटरचा वर्ग केला की एक लाप्लासियन (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा ऑपरेटर) आणि व/४ एवढंच उरतं. श्रोडिंगरने हे १९३२ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण नाव झालं लिश्नेरोविचच्या १९६३ च्या सूत्राचं. लाप्लासियन ऋण होत नाही, म्हणून ल² ≥ व/४. एका ओळीत मर्यादा मिळाली. फक्त ती सैल आहे. तीन मितींच्या एकक गोलावर व = ६, म्हणजे ल² निदान १.५ हवा. प्रत्यक्षात तिथली आयगेनमूल्यं ±३/२, ±५/२, ±७/२ अशी जातात, म्हणजे सगळ्यात लहान वर्ग २.२५. वक्रता धन असेल तर व/४ ही रेघ कुठल्याच अवकाशात गाठली जात नाही.

ती घट्ट केली थॉमस फ्रीडरिखने, १९८० मध्ये, पूर्व बर्लिनमध्ये बसून, जर्मनमध्ये लिहिलेल्या लेखात:

ल² ≥ न/(४(न−१)) × व

न = ३ आणि व = ६ घाला, ९/४ येतं. तंतोतंत. युक्ती मला अजूनही चोरून वापरावीशी वाटते: स्पिनरचा साधा डेरिव्हेटिव्ह न घेता त्यात "दिशा गुणिले स्पिनर" असा एक छोटा तुकडा मिसळायचा, आणि तो किती मिसळायचा हे शेवटी ठरवायचं. जिथे बरोबरी होते तिथल्या स्पिनरना किलिंग स्पिनर म्हणतात. ते असले की अवकाश आइन्स्टाइन प्रकारचाच, म्हणजे सगळ्या दिशांना सरासरी सारखाच वाकलेला, असावा लागतो.

आता पीळ घालू. डेरिव्हेटिव्ह घ्यायचा तर कनेक्शन (एका बिंदूवरची दिशा शेजारच्या बिंदूवर कशी न्यायची याचा नियम) लागतं, आणि नेहमीच्या लेव्ही-चिविता कनेक्शनमध्ये टॉर्शन शून्य धरलेलं असतं. एली कार्तानने १९२२ मध्ये विचारलं, का धरायचं? लांबी-कोन जपणारी दुसरीही कनेक्शनं आहेत. त्यांतलं सगळ्यात देखणं ते, ज्यात टॉर्शन पूर्ण प्रतिसममित असतं, म्हणजे एक थ्री-फॉर्म: तीन दिशा भरल्या की आकडा देणारी, दोन दिशांची अदलाबदल केली की चिन्ह पालटणारी वस्तू. अशा कनेक्शनमध्ये सरळ चालणारा माणूस पूर्वीच्याच वाटेने जातो, वाट बदलत नाही. फक्त चालता चालता तो आपल्याभोवती गिरक्या घेत जातो, स्क्रू लाकडात शिरावा तसा.

उदाहरण पुन्हा तोच तीन मितींचा गोल. त्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक एकक क्वाटर्नियन (चार घटकांची, गुणाकार करता येणारी संख्या), म्हणून गुणाकार करून एका बिंदूवरची चौकट उचलून दुसऱ्या बिंदूवर ठेवता येते, मध्ये कुठल्याही वाटेने जा. वाटेचा प्रश्नच नाही म्हणजे या कनेक्शनची वक्रता शून्य. कार्तान आणि स्खाउटेन यांनी १९२६ मध्ये अशी कनेक्शनं मांडली. पण टॉर्शन? ते शून्य नाही. सुंभ जळाला, पीळ तसाच. म्हण इतकी चपखल बसलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

तर प्रश्न: लिश्नेरोविच आणि फ्रीडरिखने जे वक्रतेवरून काढलं, ते पीळ असताना कसं काढायचं? माझं उत्तर पुढच्या प्रतिसादात. आधी शंका येऊ द्या.

टवाळखोर

धाग्यालाच पीळ! श्लेष साधलात, मालक. बाकी आम्हाला मिशीचा पीळ तेवढा ठाऊक. वाचतोय.

चिंचेचं_झाड

मी स्थापत्यवाला. आमच्याकडे टॉर्शन म्हणजे बाहेर काढलेल्या सज्ज्यामुळे बीम पिळवटतो ते, मग त्याला जास्तीच्या रिंगा घालाव्या लागतात. तुमचं तेच का, की नुसता नामसाधर्म्याचा गोंधळ?

सुंभराव

बीमचं नाही, पण अगदी परकंही नाही. स्फटिकाचा विचार करा. अणूंच्या जाळीत चार पावलं पूर्व, चार उत्तर, चार पश्चिम, चार दक्षिण चाललात तर निघालात तिथेच यायला हवं. मध्ये स्क्रू डिसलोकेशन असेल तर येत नाही, एक मजला वर येता. जुन्या वाड्यातला गोल जिना: खांबाभोवती एक फेरी मारली की तुम्ही वरच्या मजल्यावर. ही जी फट राहते ती म्हणजे टॉर्शन. जपानमध्ये कोंडोने आणि इंग्लंडमध्ये बिल्बी-बुलो-स्मिथ यांनी १९५० च्या दशकात नेमकं हेच दाखवलं, की डिसलोकेशनची दाटी म्हणजे कार्तानचं टॉर्शन.

बीम तुटतो तेव्हाच्या रिंगांचा हिशोब मात्र तुम्हीच करा.

निशिगंधा

भौतिकीच्या बाजूने थोडी भर. टॉर्शनचे तीन तुकडे पडतात: एक सदिशासारखा, एक पूर्ण प्रतिसममित (आम्ही त्याला अ‍ॅक्सियल म्हणतो) आणि एक उरलेला मिश्र. गंमत अशी की मिश्र तुकडा डिरॅक ऑपरेटरला दिसतच नाही, बेरजेत तो आपोआप कटतो. सदिश तुकड्यामुळे ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट राहत नाही. म्हणजे वास्तव आयगेनमूल्यं हवी असतील तर अ‍ॅक्सियल तुकडाच कामाचा. सुंभरावांनी "देखणं" म्हटलंय, पण ते नुसतं देखणं नाही, स्पिनरला पचणारं टॉर्शन तेवढं एकच आहे.

किबल (१९६१) आणि शियामा (१९६२) यांच्या मांडणीत स्पिन हा टॉर्शनचा उगम आहे, आणि डिरॅक कणाचा संबंध याच तुकड्याशी येतो. दुसरीकडे स्ट्रिंग थिअरीवाल्यांचं एच-फ्लक्स (त्यांच्याकडचं एक क्षेत्र), स्ट्रॉमिंगरचा १९८६ चा लेख, तिथेही थ्री-फॉर्मच. त्यांना "या टॉर्शनसकट समांतर राहणारा (कुठल्याही वाटेने नेला तरी न बदलणारा) स्पिनर आहे का" हे हवं असतं. तो शून्य आयगेनमूल्याचा प्रश्न झाला, म्हणून मर्यादा महत्त्वाच्या.

माझी शंका: तुम्ही पूर्ण टॉर्शनचा ऑपरेटर घेणार की एक-तृतीयांशवाला? मी दोन्ही पाहिलेत आणि "एक-तृतीयांश का" हे मला कुणी धड सांगितलेलं नाही.

सुंभराव

एक-तृतीयांशवाला. धाग्याचा जीव त्यातच आहे, म्हणून जरा सावकाश.

पीळ घातलेला डेरिव्हेटिव्ह म्हणजे साधा डेरिव्हेटिव्ह अधिक ¼ × (ट मध्ये ती दिशा भरून उरलेला टू-फॉर्म). आता त्यापासून डिरॅक ऑपरेटर बनवा, म्हणजे प्रत्येक दिशेने गुणून बेरीज घ्या. थ्री-फॉर्ममध्ये तीन खाचा असतात, म्हणून या बेरजेत तोच ट तीनदा मोजला जातो. निघतं: साधा डिरॅक अधिक ¾ट.

दुसऱ्या बाजूने या. आपल्याला लिश्नेरोविचसारखं सूत्र हवं: ऑपरेटरचा वर्ग = पीळ घातलेल्या कनेक्शनचा लाप्लासियन + ज्यात डेरिव्हेटिव्हच नाही अशा गोष्टी. साधा डिरॅक अधिक क×ट असं घेऊन वर्ग करा. मध्ये एक पद येतं ज्यात डेरिव्हेटिव्हही असतो आणि ट पण असतो. लाप्लासियनमध्येही तसं पद आहे. दोन्ही एकमेकांना खायला हवीत तर क = ¼ यावं लागतं. ¾ नाही.

पूर्ण टॉर्शन देतं ¾, वर्गाला हवंय ¼. म्हणून ऑपरेटर एक-तृतीयांश टॉर्शनचा आणि लाप्लासियन पूर्ण टॉर्शनचा. यात गूढ काही नाही, मोजणीतला तीन आहे. बिस्मुटने १९८९ मध्ये अ-केलर मॅनिफोल्डच्या इंडेक्स प्रमेयासाठी हे वापरलं, त्याआधी १९८७ मध्ये स्लेबार्स्कीला हा तृतीयांश दिसला होता, आणि १९९९ मध्ये कोस्टान्टचा "क्यूबिक डिरॅक ऑपरेटर" आला तोही वेगळ्या दाराने इथेच. ही दोन दारं एकाच घराची आहेत हे इल्का अ‍ॅग्रिकोलाने २००३ मध्ये नीट मांडलं.

आता टॉर्शन त्याच्या स्वतःच्या कनेक्शनसाठी समांतर आहे असं धरा. मग सूत्र असं सुटतं:

ऑपरेटरचा वर्ग = लाप्लासियन + व/४ + (ट ची लांबी)²/८ − ट²/४

इथे व पूर्वीचीच आहे, टॉर्शन नसलेली. लांबीचा वर्ग म्हणजे ट च्या पदांच्या गुणकांच्या वर्गांची बेरीज. आणि शेवटच्या पदाकडे नीट बघा. ट² हा आकडा नाही. ट हा स्पिनरवर चालणारा मॅट्रिक्स आहे, त्याची स्वतःची आयगेनमूल्यं आहेत, त्यांना म म्हणू. समांतर टॉर्शन असलं की ट आणि आपल्या ऑपरेटरचा वर्ग यांचं आपसांत जमतं, म्हणून स्पिनर बंडल म नुसार वेगवेगळ्या कप्प्यांत विभागता येतं. सगळ्यात वाईट कप्पा धरला तर:

ल² ≥ व/४ + (ट ची लांबी)²/८ − (सगळ्यात मोठा म²)/४

पीळ किती आहे एवढ्यानेच मर्यादा ठरत नाही, तो पीळ स्पिनरच्या कुठल्या कप्प्याला कितीने चावतो यानेही ठरते, हे यावरून दिसतं. लांबी मर्यादा वर उचलते, म खाली ओढतो.

गोलावर करून बघू. तीन मितींत ट म्हणजे घनफळ-फॉर्म गुणिले काहीतरी. वर सांगितलेल्या सपाट कनेक्शनसाठी ते काहीतरी २ येतं, म्हणजे लांबीचा वर्ग ४. तीन मितींत घनफळ-फॉर्म स्पिनरवर नुसत्या ±१ ने गुणतो, तेव्हा म² = ४. मर्यादा: ६/४ + ४/८ − ४/४ = १.

प्रत्यक्ष काय? ऑपरेटर म्हणजे साधा डिरॅक अधिक ¼ट, म्हणजे सगळी आयगेनमूल्यं अर्ध्याने सरकतात. चिन्ह एका बाजूचं धरा: ३/२, ५/२, ७/२ यांची २, ३, ४ झाली आणि −३/२, −५/२ यांची −१, −२ झाली. शून्य नाही, एक नाही, पण उणे एक आहे. सगळ्यात लहान वर्ग १. मर्यादा अचूक गाठली. वर आरशासारखा असलेला स्पेक्ट्रम (आयगेनमूल्यांची यादी) लंगडा झाला तो वेगळाच. आणि पूर्ण ¾ट घातलात तर दीडने सरकून −३/२ चं शून्य होतं, तेच सपाट कनेक्शनचे समांतर स्पिनर.

माझी फजितीही सांगून टाकतो. पीएचडीच्या दिवसांत हे पहिल्यांदा केलं तेव्हा मर्यादा १ च्या जागी ३ आली. प्रत्यक्ष किंमत १ आणि मर्यादा ३! दोन दिवस मी प्रमेय खोडून काढल्याच्या धुंदीत होतो. गाइडसमोर फळ्यावर मांडलं. त्यांनी पहिली ओळ बघितली, खडू घेतला, आणि सदिशाच्या वर्गाच्या +१ वर एक आडवी रेघ मारली. वही भौतिकीच्या संकेतात होती (वर्ग अधिक), सूत्र गणितवाल्यांच्या (वर्ग उणे). त्यामुळे ट² चं चिन्हच उलटं, आणि जे वजा व्हायचं ते मिळवलं गेलं. हिशोब करणाऱ्यांनी हा संकेत पानाच्या डोक्यावर लिहून ठेवावा.

निशिगंधा

तीनदा मोजणीचं पटलं. इतकं सोपं होतं तर लोक सांगत का नाहीत!

बाकावरची_मुलगी

वाखु (वाचनखूण) साठवली. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अर्धं कळलं. ऑपरेटरला "कारक" का नाही म्हणत? आमच्या मराठीच्या पुस्तकात तसं होतं.

टवाळखोर

कारक म्हटलं की व्याकरणवाले येतील, षष्ठी कारक आहे का नाही यावर भांडतील, आणि धाग्याचं काश्मीर होईल. ऑपरेटरच बरा. फोनवर पण भेटतो.

अर्धा_चहा

सूत्र ठीक आहे, पण कौतुक जरा आवरतं घ्या. सपाट तीन मितींचा टोरस घ्या. व = ०. ट = क गुणिले घनफळ-फॉर्म. समांतर आहे, तुमच्या सगळ्या अटी पाळतो. तुमची मर्यादा: ० + क²/८ − क²/४ = −क²/८. वर्ग ऋण नसतो हे सांगायला एवढा खटाटोप? म्हणजे वक्रता नसली की सूत्र मुकं.

शिवाय "समांतर टॉर्शन" ही अट तुम्ही एका वाक्यात सरकवलीत. ती फार जड आहे.

सुंभराव

दोन्ही मान्य. टोरसवर काही मिळत नाही, मिळायलाही नको: क ची किंमत योग्य निवडली तर सरकलेलं एखादं आयगेनमूल्य बरोबर शून्यावर बसवता येतं. धन मर्यादा आली असती तर तीच खोटी ठरली असती.

समांतरतेबद्दल: अट सोडली तर ट² च्या जागी ट चा एक्स्टीरियर डेरिव्हेटिव्ह येतो, तो स्पिनरवर कसा चालतो ते पुन्हा बघावं लागतं. तो शून्य असेल (स्ट्रिंगवाल्यांचं आवडतं प्रकरण) तर नुसतं व/४ − (लांबी)²/८ उरतं. गोलावर ६/४ − ४/८, पुन्हा १. पण अट अगदी दुर्मीळ आहे असं नाही. सासाकी, नियरली केलर, नॅचरली रिडक्टिव्ह हे खास भौमितिक रचना असलेले अवकाश, सगळ्यांची स्वाभाविक टॉर्शनं समांतरच असतात.

आजोबा_७२

गणित आमच्या हयातीतलं थोडं आठवतं म्हणून लिहितो. कोस्टान्टचं नाव आलं आणि मुंबईचं राहिलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आर. पार्थसारथी यांचा १९७२ चा लेख, "अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स" मध्ये छापलेला, डिरॅक ऑपरेटर आणि डिस्क्रीट सीरीज (युनिटरी रिप्रेझेंटेशनचा एक खास वर्ग) यांवरचा. सिमेट्रिक स्पेसवर (भरपूर सममिती असलेल्या अवकाशावर) डिरॅक ऑपरेटरचा वर्ग केला की कासिमिर ऑपरेटर (त्या सममितीतूनच मिळणारा ऑपरेटर) अधिक एक ठरावीक आकडा निघतो, हे सूत्र त्यांच्या नावाने चालतं. वर्ग ऋण नाही म्हणून मिळणारी असमानता, तिलाही लोक डिरॅक असमानता म्हणतात. कुठली रिप्रेझेंटेशन युनिटरी असू शकत नाही हे ती सांगते.

तुमच्या धाग्याशी संबंध असा की सिमेट्रिक स्पेसला टॉर्शन लागत नाही. ती सिमेट्री सुटली की पार्थसारथींचं सूत्र मोडतं, आणि ते पुन्हा उभं करायला कोस्टान्टला जे क्यूबिक पद घालावं लागलं तोच तुमचा तृतीयांश पीळ. पुढच्या लेखांत जर्मन नावं दिसतात म्हणून हा विषय सगळा तिकडचाच असं तरुण मंडळींना वाटू नये.

सुंभराव

आजोबा, साष्टांग. हे मीच लिहायला हवं होतं.

बाकावरची_मुलगी

एक प्रश्न. फ्रीडरिखने "दिशा गुणिले स्पिनर" मिसळलं, तुम्ही ¼ट मिसळताय. दोन्ही डेरिव्हेटिव्हमध्ये तुकडा घालणंच झालं ना? मग फरक काय?

सुंभराव

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि अर्धं कळलं म्हणणाऱ्या व्यक्तीचा!

तीन मितींत फरक नाही. घनफळ-फॉर्ममध्ये एक दिशा भरली की उरतो तो टू-फॉर्म, आणि तो स्पिनरवर त्या दिशेसारखाच चालतो, चिन्हाचा फरक असला तर तेवढाच. म्हणजे तीन मितींत फ्रीडरिखची युक्ती हेच टॉर्शन. गोलावरचे किलिंग स्पिनर आणि सपाट कनेक्शनचे समांतर स्पिनर तिथे एकच आहेत. वरच्या मितींत दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मग दोन्ही युक्त्या एकत्र वापरता येतात. ते काम अ‍ॅग्रिकोला, बेकर-बेंडर आणि किम यांनी २०१३ मध्ये केलं. न तीनपेक्षा मोठा धरून त्यांची मर्यादा:

ल² ≥ न/(४(न−१)) × व + न(न−५)/(८(न−३)²) × (ट ची लांबी)² − न(न−४)/(४(न−३)²) × (सगळ्यात मोठा म²)

पीळ काढून घ्या, फ्रीडरिख उरतो. न अनंताकडे न्या, गुणक ¼, ⅛, ¼ होतात, म्हणजे माझी वरची मर्यादा. आणि न = ३ ला छेदात शून्य येतं. माझ्या मते हे तेच दुखणं आहे: तीन मितींत दोन युक्त्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

अर्धा_चहा

सहा मितींच्या गोलावर करून बघितलं, चहा होईपर्यंत. ऑक्टोनियनमुळे त्याच्यावर नियरली केलर रचना येते. व = ३०. तिचं टॉर्शन चार पदांचं, प्रत्येकाचा गुणक १, म्हणजे लांबीचा वर्ग ४. चारही पदं आपसांत जमवून घेतात आणि प्रत्येकाची किंमत ±१, म्हणून म जास्तीत जास्त ४.

पहिली मर्यादा: ३०/४ + ४/८ − १६/४ = ७.५ + ०.५ − ४ = ४.
दुसरी, न = ६: ०.३ × ३० + ४/१२ − १६/३ = ९ + ⅓ − ५⅓ = ४.

दोन्ही ४! आणि प्रत्यक्ष किंमतही तीच: किलिंग स्पिनरवर साधा डिरॅक ∓३ देतो, ¼ट ±१ देतो, बेरीज ∓२, वर्ग ४. माझ्या टोरसच्या तक्रारीतून निम्मी तक्रार मागे घेतो.

निशिगंधा

पण मग दुसरी मर्यादा नेहमी चांगली का? लांब सूत्र आहे, काही फायदा तर हवा.

सुंभराव

नाही. पाच मितींचे सासाकी अवकाश घ्या. तिथे लांबीचा वर्ग ८, म = ४, −४, ०, ०. पहिली मर्यादा व/४ − ३. दुसरी ५व/१६ − ५ (न = ५ ला मधलं पद उडतं). व ३२ च्या आत असेल तर पहिली वरचढ, बाहेर असेल तर दुसरी. पाच मितींच्या एकक गोलावर व = २०: पहिली देते २, दुसरी १.२५.

आणि दोन्ही कमी पडतात. अ‍ॅग्रिकोला, फ्रीडरिख आणि कसुबा यांनी २००८ मध्ये सासाकीसाठी वेगळी मर्यादा काढली होती, तीत व चा वर्ग येतो:

ल² ≥ (१ + व/४)²/१६

ही व −४ पासून ४(९ + ४√५), म्हणजे साधारण ७१.७८ पर्यंत चालते, पुढे ५व/१६. गोलावर ३६/१६ = २.२५. तिथे प्रत्यक्षही तेवढंच आहे: −५/२ + १ = −३/२.

बाकावरची_मुलगी

मी वही घेऊन बसले. व/४ ला क्ष म्हटलं. वर्गवाल्या मर्यादेतून पहिली वजा केली: (१ + क्ष)²/१६ − (क्ष − ३) = (क्ष − ७)²/१६. पूर्ण वर्ग! म्हणजे पहिली कधीच वर जात नाही, आणि क्ष = ७ ला, म्हणजे व = २८ ला, टेकते. बरोबर आहे का?

सुंभराव

बरोबर. आणि व = २८ ला जे η-आइन्स्टाइन (एक खास दिशा सोडली तर आइन्स्टाइनसारखे) सासाकी अवकाश येतात त्यांवर खरोखरच पीळासकट समांतर स्पिनर असतात. तिथे पूर्ण ¾ट चा ऑपरेटर त्यांना शून्य करतो, म्हणून साधा डिरॅक −¾ट, तृतीयांशवाला −½ट, वर्ग १६/४ = ४. सूत्रही ४ देतं.

अर्धा_चहा

दुसरीही वजा करून बघा की.

बाकावरची_मुलगी

(१ + क्ष)²/१६ − (५क्ष/४ − ५) = (क्ष² − १८क्ष + ८१)/१६ = (क्ष − ९)²/१६. परत पूर्ण वर्ग!! ही व = ३६ ला टेकते. म्हणजे वर्गवाली मर्यादा हा पॅराबोला, आणि तुमच्या दोन्ही मर्यादा त्याच्या स्पर्शिका. एक २८ ला, एक ३६ ला. आणि दोन स्पर्शिका स्पर्शबिंदूंच्या बरोब्बर मध्यावर छेदतात, बारावीला केलं होतं. म्हणून तो ३२.

चिंचेचं_झाड

बाकीचं डोक्यावरून गेलं, पण हा ३२ मला कळला.